फाइल सापडते, मजकूर हरवलेला असतो

संगणकावरून पुसलेली फाइल बहुधा लगेच नष्ट होत नाही. हार्ड डिस्कवर तिची जागा मोकळी झाल्याची नोंद तेवढी होते आणि तेथे दुसरे काही लिहिले जाईपर्यंत मूळ मजकूर टिकून राहत असल्याने, संगणकाचा वापर तत्काळ थांबवल्यास तो बऱ्याचदा परत मिळवता येतो. मराठीतून प्रबंध आणि प्रकल्प लिहिणाऱ्या पुण्यातील विद्यार्थ्यांचे खरे नुकसान मात्र यापुढे सुरू होते, कारण जुन्या फ्लॉपीवरून फाइल सुखरूप हाती आली तरी ती उघडल्यावर देवनागरीऐवजी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गुंता दिसतो.

याचे मूळ त्या काळच्या टंकनपद्धतीत आहे. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी आणि सी-डॅक या संगणन संस्थेचे आयएसएम या सॉफ्टवेअरनी मराठी टंकन डीटीपी केंद्रांपर्यंत पोहोचवले, हे त्यांचे ऋण मोठे आहे. पण १९९१ मध्ये इस्की ही राष्ट्रीय संकेतावली निश्चित झालेली असूनही या फायलींत अक्षरांऐवजी त्यांच्या आकारांचे, म्हणजे अर्ध्या व्यंजनांचे, कान्याचे, वेलांटीचे क्रमांक साठवले जात, आणि ते प्रत्येक फाँटकुळात वेगळे असत. युनिकोड ही आजची संकेतावली उच्चाराचा क्रम पाळते, त्यामुळे ‘कि’मध्ये आधी व्यंजन येते आणि मग इकार, जुन्या फाइलीत वेलांटी आधी असते. रफाराचे याच्या उलट आहे. रूपांतर करणारी सॉफ्टवेअर उपलब्ध असली तरी ती नेमकी अशा जागी अडखळतात, आणि जोडाक्षरे व तळटीपा माणसानेच मुळाशी ताडून पाहाव्या लागतात.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी पीएच.डी. आणि एम.फिल.च्या प्रबंधांची डिजिटल प्रत देणे बंधनकारक केले आणि ‘शोधगंगा’ हा राष्ट्रीय संग्रह वाढला. परंतु जुन्या फाँटांतील पीडीएफ डोळ्यांना वाचता येते, तिच्यात शब्द शोधता येत नाही. पदव्युत्तर प्रकल्प तर या नियमाच्या बाहेरच राहिले. ही उणीव पुण्यात अधिक खटकते, कारण दीर्घकालीन डिजिटल जतनासाठी ‘डिजिटालय’ ही प्रणाली येथील सी-डॅकनेच घडवली आणि तिच्या आधारे इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राच्या दृक्-श्राव्य संग्रहाला २०१७ मध्ये आयएसओ १६३६३ हे विश्वासार्ह संग्रहाचे प्रमाणपत्र मिळाले.

महाविद्यालयांच्या मराठी, इतिहास आणि समाजशास्त्र विभागांनी यापुढे पीडीएफसोबत युनिकोडमधील मूळ मजकूरही जमा करून घ्यावा, आणि जुन्या फायलींचे रूपांतर त्यांचे लेखक व टंकलेखक हयात असतानाच हाती घ्यावे. कारण संदिग्ध जागी कोणता शब्द अभिप्रेत होता, हे तेच सांगू शकतात.