ट्रॉली बांधणाऱ्याने भार लिहून द्यावा

गणेशोत्सव संपला की मुंबईच्या वर्तमानपत्रांतून मोठमोठ्या मूर्तींची छायाचित्रे छापून येतात. मूर्ती ज्या ट्रॉलीवर उभी असते, त्या ट्रॉलीकडे सहसा कोणाची नजर जात नाही. २०२५ साली मात्र ती गेली. ६ सप्टेंबरला अनंत चतुर्दशीच्या सकाळी निघालेला लालबागचा राजा दुसऱ्या दिवशी सकाळी गिरगाव चौपाटीवर पोहोचला. तोपर्यंत समुद्राला भरती आली होती. ट्रॉलीवरची मूर्ती नव्या तराफ्यावर चढविता येईना. कित्येक तास ट्रॉली पाण्यात उभी राहिली आणि रविवारी रात्री नऊच्या सुमारास विसर्जन पार पडले. दोष कोणाचा, हा वाद घालण्याचे माझे काम नाही. भरती-ओहोटी आणि तराफा हा जाणकारांचा विषय आहे. पण त्या दिवशी साऱ्या मुंबईने एक गोष्ट पाहिली. डांबरी रस्त्यावर सहज चालणारा गाडा वाळूत आणि पाण्यात गेला की त्याचे सगळे गणित बदलते.

हे गणित आपल्या कारागिरांनी कागदावर मांडावे, एवढेच सांगण्यासाठी हा लेख आहे.

मी कापडाचा व्यापारी. मंडळांना सजावटीचे कापड विकताना परळ-लालबागच्या मूर्तिशाळांमध्ये आणि मंडपांत माझे जाणे-येणे असते. तेथे चॅनेल कापणारे, वेल्डिंग करणारे, लेथवर हब फिरवून देणारे, टायर आणि कमानपाटे पुरविणारे आपले अनेक बांधव माझ्या पाहण्यात आहेत. कोणी नागपाड्याचा, कोणी दोन टाकीचा, कोणी दारूखान्याच्या भंगारातून एक्सल निवडून आणणारा. मूर्तीच्या कामाबद्दल शरीयतचा हुकूम काय, हा प्रश्न ज्यांच्या मनात असेल त्यांनी तो उलेमांना विचारावा. मी आलिम नाही. मी बोलतो आहे ते सांगाडा, चाक, हूक आणि ब्रेक यांविषयी. भायखळ्याच्या खिलाफत हाऊसमधून निघणाऱ्या ईद-ए-मिलादच्या जुलूसमध्येही सजवलेल्या गाड्या असतातच. २०२५ मध्ये विसर्जनामुळे हा जुलूस आणि मुंबईची सुट्टी ५ सप्टेंबरऐवजी ८ सप्टेंबरला घेण्यात आली. रस्ते तेच, खड्डे तेच आणि गाडे बांधणारे हातही पुष्कळदा तेच.

आपला कारागीर हुनरमंद आहे यात शंका नाही. परंतु त्याचे काम अंदाजावर चालते. मंडळाचा कार्यकर्ता येतो, "उस्ताद, अठरा फुटांची मूर्ती आहे, मजबूत बनवा," म्हणतो. उस्ताद मान हलवतो आणि जाडसर चॅनेल लावतो. किती टन, कोणत्या रस्त्याने, वाळूत कुठपर्यंत, हे कोणी विचारत नाही आणि कोणी लिहीत नाही. आमच्या कापडाच्या ठाणाच्या काठावरसुद्धा गिरणीचे नाव छापलेले असते. ज्या ट्रॉलीभोवती हजारो माणसे चालतात, तिच्यावर मात्र बनविणाऱ्याचे नाव नाही की भाराचा आकडा नाही.

आता गणिताकडे येऊ. समजा मूर्ती, ट्रॉली आणि वर उभी असलेली माणसे मिळून आठ टन वजन आहे. चांगल्या रस्त्यावर हा गाडा चालता ठेवण्यासाठी साधारण शंभराला दोन, म्हणजे १६० किलोंची ओढ पुरते. सैल वाळूत हेच प्रमाण शंभराला वीसपर्यंत जाऊ शकते, म्हणजे १,६०० किलो. रस्त्यावर दहा-बारा जणांनी ढकललेली ट्रॉली चौपाटीवर दोरांना शंभर हात लागूनही हलत नाही, याचे कारण हे आहे. तेव्हा हूक, पिन आणि ओढणारा दांडा रस्त्याच्या ओढीवर बेतून चालणार नाही. तो वाळूच्या ओढीवर बेतला पाहिजे, आणि वर झटक्यासाठी राखीव ताकद ठेवली पाहिजे. दांड्याखाली दोन साखळ्या आडव्या-तिडव्या बांधाव्यात, म्हणजे पिन तुटली तरी गाडा मोकळा सुटणार नाही.

दुसरा मुद्दा चाकांचा. टायरमध्ये जितका हवेचा दाब असतो, साधारण तितकाच दाब तो टायर जमिनीवर देतो. चार चाकांवर आठ टन म्हणजे चाकाला दोन टन. हवेचा दाब चौरस सेंटिमीटरला सात किलो असेल तर चाक जेमतेम २८५ चौरस सेंटिमीटर जागेवर टेकते, आणि ओल्या वाळूत रुतते. चारऐवजी आठ चाके लावली, रुंद टायर घेतले आणि वाळूत शिरण्यापूर्वी टायर कंपनीच्या तक्त्यात बसेल तेवढी हवा कमी केली, तर तोच भार मोठ्या जागेवर पसरतो. परत रस्त्यावर येताना हवा पुन्हा भरायची. महापालिका दरवर्षी चौपाटीवर लोखंडी पत्रे अंथरते, त्यामागेही हाच हिशेब आहे. चार फूट बाय आठ फुटांच्या, न वाकणाऱ्या जाड पत्र्यावर दोन टन पसरले तर दाब चौरस सेंटिमीटरला सात किलोंवरून शंभर ग्रॅमच्याही खाली येतो. पत्रा पातळ असेल तर तो वाकतो आणि हा फायदा जातो. म्हणून ट्रॉली पत्र्यावरून कशी न्यायची, कुठे वळवायची नाही, हेही बनविणाऱ्याने सांगितले पाहिजे. वाळूत उभ्या गाड्याचे चाक वळवले की ते स्वतःच आपला खड्डा खणते.

तिसरा मुद्दा तोल. समजा चाकांमधली रुंदी सहा फूट आहे आणि भाराचा मध्य जमिनीपासून नऊ फुटांवर आहे. अशा गाड्याच्या एका बाजूची चाके सुमारे दोन फूट खचली की तो जागेवरच आडवा होतो. चालत्या गाड्याला कमानपाट्यांचा झोका आणि दोराचा हिसका असतो, त्यामुळे धोका त्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. तीच रुंदी आठ फूट केली तर हा आकडा सव्वातीन फुटांच्या आसपास जातो. दोन फूट वाढीव चॅनेलला कितीसा खर्च येतो? आणि जेथे गल्लीमुळे रुंदी वाढवता येत नाही तेथे मूर्तीची उंची किती असावी, हे कारागिराने आधीच सांगावे. मूर्ती तयार झाल्यावर सांगून उपयोग नाही.

चौथा मुद्दा ब्रेकचा. ब्रिटनमध्ये एकूण ७५० किलोंपेक्षा अधिक वजनाच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असणे सक्तीचे आहे. आपल्याकडे कित्येक टनांची ट्रॉली पुलाच्या उतारावर दोरांनी आणि लाकडी ठोकळ्यांनी आवरली जाते. उतारावर ठोकळा घेऊन चाकाजवळ धावणारा पोरगा कोणाचा तरी मुलगा असतो.

पूल म्हटले की वजनाचा प्रश्न पुन्हा येतो. चिंचपोकळी आणि करी रोडच्या जुन्या रेल्वेपुलांवरून एका वेळी सोळा टनांपेक्षा अधिक भार, माणसांसकट, जाऊ नये अशी सूचना महापालिकेने अलीकडच्या वर्षांत उत्सवाच्या वेळी दिली आहे. परळ-प्रभादेवीचा एल्फिन्स्टन पूल तर पाडण्यासाठी १२ सप्टेंबर २०२५ रोजी बंद झाला. आता सांगा, ज्या ट्रॉलीचे रिकामे वजन कोणालाच ठाऊक नाही, ती सोळा टनांच्या आत आहे हे मंडळ कशावरून सांगणार? वजनकाट्यावर रिकामी ट्रॉली एकदा नेऊन पावती घेतली तर हा प्रश्न सुटतो. ही पावती कारागिराने मालाबरोबर द्यावी.

याला जोडून कायद्याची बाजू पाहू. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे जी गाडी मोटार वाहनाने ओढली जाते किंवा ओढण्यासाठी बनवलेली असते ती ट्रेलर होय, आणि ट्रेलरची गणना मोटार वाहनातच होते. हाताने ढकलण्याच्या गाड्याला ट्रॅक्टरचा हूक लावून दिला की विषय आर.टी.ओ.पर्यंत जातो. नोंदणी झालेल्या वाहनात मूळ तपशिलाशी विसंगत बदल करण्यास कलम ५२ ने मनाई केली आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आणखी पुढे जातो. मालात किंवा त्याच्या रचनेत दोष असेल, किंवा वापराच्या पुरेशा सूचना दिल्या नसतील, तर नुकसानीची जबाबदारी उत्पादकावर येऊ शकते. लहान गाळ्यातला वेल्डर स्वतःला उत्पादक समजत नाही. अपघात झाल्यावर त्याला तसे समजावले जाईल.

"लिहून दिले तर आपणच अडकू," असे कित्येक उस्ताद मला म्हणतात. मला उलट वाटते. ट्रॉलीवर "कमाल भार ६ टन" अशी पट्टी असेल आणि मंडळाने तिच्यावर नऊ टन चढवले, तर जबाबदारी कोणाची हे पट्टीच सांगेल. पट्टी नसेल तर प्रत्येक जण म्हणेल, उस्ताद म्हणाला होता मजबूत आहे. तोंडी शब्द सोयीप्रमाणे बदलतो आणि गरिबावर उलटतो. आपल्याला तर याची शिकवण चौदाशे वर्षांपूर्वी मिळाली आहे. मुदतीचा व्यवहार लिहून ठेवावा आणि त्याला साक्षीदार असावेत, असा हुकूम सूरह बकरामध्ये आहे, आणि ती कुरआन शरीफमधील सर्वांत लांब आयत आहे. नमाज-रोजा पाळणारे आपण हा हुकूम बाजारात का विसरतो?

लिहिण्याचा फायदा मेहनतान्यालाही होतो. उत्सव संपला की मंडळाचे कार्यकर्ते पांगतात आणि कारागिराची निम्मी रक्कम पुढच्या वर्षावर जाते, ही रड आपण सगळेच ऐकतो. माझ्या ओळखीच्या एका वेल्डरला एका मंडळाकडून बाकी मिळवायला दोन वर्षे खेटे घालावे लागले. त्याच्याजवळ कागदाचा तुकडाही नव्हता. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्यानुसार माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे देणे बंधनकारक आहे. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. यासाठी 'उद्यम' नोंदणी हवी, ती काम घेण्याआधीची असावी, आणि हातात बिल असावे. आम्हा कापड विकणाऱ्यांना 'उद्यम' नोंदणी मिळते, पण उशिराच्या वसुलीचा हा हक्क व्यापाऱ्यांना लागू नाही. तुम्हा बनविणाऱ्यांना आहे. जो हक्क आम्हाला मागूनही मिळत नाही, तो तुम्ही नुसता पडू देऊ नका.

एक आक्षेप खरा आहे. सगळे नियम पाळून केलेली ट्रॉली महाग पडेल आणि मंडळ शेजारच्या गाळ्यात स्वस्त काम करून घेईल. काही मंडळे तसे करतीलही. पण मोठी मंडळे आज लाखो रुपयांचे विमे उतरवतात, पोलीस आणि पालिकेच्या परवानग्या घेतात. त्यांना कागद दाखवू शकणारा कारागीर हवाच आहे. शिवाय हे काम वर्षातून दोन महिन्यांचे राहू नये. वाळूत आणि कच्च्या रस्त्यावर चालणारा, तोल सांभाळणारा, ब्रेक असलेला ट्रेलर ज्याला बांधता येतो, त्याच्यासाठी जनरेटर, पाण्याच्या टाक्या, चित्रपटांचे सेट, कोकणातल्या होड्या अशी बारमाही गिऱ्हाइके आहेत. ती गिऱ्हाइके पहिला प्रश्न हाच विचारतात: किती टन?

म्हणून माझी सूचना साधी आहे. प्रत्येक ट्रॉलीवर एक लोखंडी पट्टी वेल्ड करावी. तिच्यावर गाळ्याचे नाव व वर्ष, रिकामे वजन, कमाल भार, चाकांमधली रुंदी व भाराची कमाल उंची, आणि रस्त्यासाठी व वाळूसाठी टायरच्या हवेचे आकडे पंचिंग करावेत. माल देण्यापूर्वी २०० लिटरची पिंपे पाण्याने भरून, ठरलेल्या भाराइतकी ट्रॉलीवर चढवावीत. आठ टनांना अशी चाळीसच्या आत पिंपे लागतात. दिवसभर ती तशीच ठेवावीत आणि दोरी ताणून चॅनेल किती वाकला ते पाहावे. खाऱ्या पाण्यातून परत आलेल्या ट्रॉलीचे हब त्याच आठवड्यात उघडून, गोड्या पाण्याने धुऊन, नवे ग्रीस भरावे. हे काम बिलात आधीच धरावे. नव्या चॅनेलचे बिल जपून ठेवावे, आणि भंगारातला एक्सल वापरला असेल तर तसे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावे. मालातील ऐब लपवून विकणे आपल्या दीनमध्ये जायज नाही, हे कोणाला शिकवायला नको.

एका उस्तादाला हे जड जाईल. दहा-वीस जणांनी मिळून एखाद्या इंजिनिअर मुलाकडून चार-पाच मापांच्या ट्रॉलींचे नकाशे आणि भाराचे तक्ते करून घेतले तर खर्च वाटला जाईल. आपल्या मोहल्ल्यांतून आज इंजिनिअरिंग शिकलेली मुले आहेत, आणि पुष्कळ कामाच्या शोधातही आहेत. रमजाननंतर मोसमाची कामे सुरू होण्याआधी अशी एक बैठक नागपाड्यात किंवा मोमीनपुऱ्यात व्हावी. जागा आणि चहापाणी आम्हा व्यापाऱ्यांकडे लागले, इन्शाअल्लाह.