मळीचे एकोणीस रुपये

७५० मिलीलीटरच्या रमच्या बाटलीवर मद्यार्क ४२.८ टक्के असे छापलेले असते. म्हणजे त्या बाटलीत शुद्ध मद्यार्क भरतो ३२१ मिलीलीटर. एवढाच मद्यार्क साखर कारखान्याने मळीपासून काढून पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठी तेल कंपन्यांना दिला, तर २०२४-२५ च्या हंगामातल्या सी-हेवी, म्हणजे साखर काढून शेवटी उरणाऱ्या, मळीच्या दराने, म्हणजे लिटरला ५७ रुपये ९७ पैशांनी, त्याचे जेमतेम १९ रुपये होतात. जून २०२५ मध्ये राज्य सरकारने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्याच्या १८० मिलीलीटरच्या क्वार्टरची किमान किंमत २०५ रुपये ठरवली. त्या क्वार्टरमधला मद्यार्क याच हिशेबाने साडेचार रुपयांचा आहे. मधली सगळी रक्कम कर, काच, बूच, वाहतूक, जाहिरात आणि दुकानदार यांच्यात वाटली जाते. चांगल्या बाटलीत मात्र तिचा एक मोठा वाटा दोन गोष्टींवर खर्च झालेला असतो: लाकूड आणि काळ. रम निवडायची म्हणजे आपल्या पैशातून हे दोन्ही खरोखर विकत मिळते आहे का, हे तपासायचे. रंग, बाटलीचा आकार, नावापुढचे तीन एक्स यांच्याकडून त्याचे उत्तर मिळत नाही. उत्तर लेबलावर असते, किंवा लेबलावर नसलेल्या मजकुरात असते.

धाराशिव जिल्ह्याने हा प्रश्न विचारावा याला कारण आहे. ढोकीचा तेरणा, केशेगावचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर, रांजणीचा नॅचरल शुगर, चोराखळीचा धाराशिव अशी कारखान्यांची रांग या जिल्ह्यात आहे, आणि कळंब भागात गूळ पावडरचे कारखानेही आहेत. एक टन ऊस गाळला की साखरेबरोबर चाळीसेक किलो मळी हाती येते. एक टन सी-हेवी मळीतून सुमारे २२५ लिटर मद्यार्क निघतो, आधीच्या टप्प्यावरच्या, जास्त साखरेच्या बी-हेवीतून ३००. या मळीचे तंत्र इथल्या माणसांना चांगले अवगत आहे. २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत चोराखळीच्या कारखान्याने इथेनॉल प्रकल्पाची यंत्रणा वळवून ऑक्सिजन तयार केला होता. जगभर बहुतेक रम अशाच मळीची बनते. तरी उत्तम रमचा विषय निघाला की आपण कॅरिबियन बेटांची नावे घेतो, आणि आपल्या मळीचा हिशेब टँकर भरून दिला की संपतो.

मळीत पाणी आणि यीस्ट घातले की ती आंबते, इथवर सगळीकडे सारखेच. पुढे वाटा फुटतात. मोठ्या आसवनीत आंबवण दीड-दोन दिवसांत उरकतात आणि उंच स्तंभांतून मद्यार्क ९६ टक्क्यांपर्यंत शुद्ध करतात. याला धंद्यात ईएनए म्हणतात. इतक्या शुद्धतेला उसाची ओळख जवळजवळ पुसली जाते. त्यात पाणी, कॅरमेलचा रंग, थोडा सुवास आणि असलेच तर थोडे मुरवलेले स्पिरिट मिसळले की आपल्याकडची बहुतेक स्वस्त रम तयार होते. जमैकात याच्या उलट चालते. तिथल्या काही आसवन्या मळी आठवडा-दोन आठवडे आंबू देतात आणि तांब्याच्या भांड्यात, पॉट स्टिलमध्ये, हळूहळू काढतात. शुद्धता कमी राहते, पण पिकलेल्या केळ्याचा, अननसाचा भरभक्कम वास टिकतो. युरोपीय संघात ९६ टक्क्यांच्या खालीच काढलेल्या स्पिरिटाला रम म्हणता येते, अमेरिकेत ९५ च्या खाली. वास आणि चव शिल्लक राहावी हाच त्यामागचा हेतू आहे.

जगातल्या रमचे प्रकार रंगावरून लावायची सवय आपण सोडली पाहिजे. पांढरी, सोनेरी, काळी हे भेद ग्राहकाला फारसे काही सांगत नाहीत. पांढरी रम काही वर्षे पिपात मुरवून नंतर कोळशातून गाळून रंगहीन केलेली असू शकते. बकार्डीने १८६२ नंतर सांतियागो दे क्युबात नाव कमावले ते या गाळणीच्या जोरावर. काळी रम कालची असून केवळ कॅरमेलने काळी झालेली असू शकते. त्यापेक्षा कशापासून आणि कशात, असे दोन प्रश्न विचारावेत. क्युबा, पोर्तो रिको यांची हलकी रम मळीची आणि स्तंभातली. जमैका, बार्बाडोस, गयाना यांच्या रममध्ये पॉट स्टिलचा हिस्सा असतो, म्हणून ती जड आणि सुगंधी. मार्टिनिक बेटावर थेट उसाचा ताजा रस आंबवतात. त्या पद्धतीला फ्रान्सने १९९६ मध्ये कायद्याचे संरक्षण दिले आणि ती रम ओल्या उसाच्या, गवताच्या वासाची असते. ग्वातेमालाची झकापा रस आटवून केलेल्या पाकापासून बनते, आणि असा पाक आपल्या गुऱ्हाळात काकवी म्हणून ओळखीचा आहे. मॉरिशसलाही आता रसाची रम होते. त्या बेटावरच्या उसाच्या मळ्यांत एकोणिसाव्या शतकात रत्नागिरीकडून मराठी माणसे करारावर राबायला गेली होती, त्यांचे वंशज आजही तिथे गणपती बसवतात. रमचा इतिहास गुलामांच्या आणि गिरमिटियांच्या घामाचा आहे, आणि मराठवाड्यातून दरवर्षी कोयता घेऊन बाहेर पडणाऱ्या कुटुंबांकडे पाहताना तो फार दूरचा वाटत नाही.

आता वयाचे. वय छापलेले असेल तर ते मिश्रणातल्या सर्वांत कोवळ्या रमचे आहे की सर्वांत जुन्या, हे पाहावे. जमैका आणि बार्बाडोसमध्ये आकडा कोवळ्या रमचा धरतात. झकापाच्या बाटलीवर २३ दिसते, पण त्या मिश्रणात सहा वर्षांचीही रम असते. आकड्याशेजारी वर्षे हा शब्द नसेल तर आकडा सजावट समजावा. तीन एक्सना कायद्याने ठरलेला काही अर्थ नाही. आपल्या हवामानाचा हिशेबही वेगळा आहे. स्कॉटलंडमध्ये पिपातून वर्षाला दोनेक टक्के स्पिरिट उडून जाते. बंगळुरूत अमृत डिस्टिलरीच्या अनुभवाप्रमाणे हे प्रमाण दहा-बारा टक्के आहे. दहा टक्के धरले तरी शंभर लिटरचे बारा वर्षांनी २८ लिटर उरतात. बालाघाटच्या पठारावर, सहा-साडेसहाशे मीटर उंचीवर, चाळीस अंशांच्या कोरड्या उन्हाळ्यात नासाडी याहून कमी होईल असे मानायला जागा नाही. म्हणून आपल्याकडची चार-पाच वर्षांची प्रामाणिक रम थंड देशातल्या दहा वर्षांच्या मद्याइतकी परिपक्व असू शकते, आणि खरोखर बारा वर्षे पिपात राहिलेली भारतीय रम स्वस्त असूच शकत नाही. हरियाणातल्या इंद्रीची, पिकॅडिली कंपनीची उसाच्या रसाची ‘कामीकारा’ बारा वर्षे मुरवलेलीही आहे. तिची किंमत जास्त आहे, पण त्या किमतीमागचा हिशेब मांडता येतो. अमृतच्या ‘टू इंडीज’मध्ये भारतीय गुळापासूनच्या स्पिरिटात कॅरिबियन रम मिसळलेली आहे. गुळाच्या जिल्ह्यातल्या वाचकाने तिच्याकडे अधिक कुतूहलाने पाहावे असे मला वाटते.

‘ओल्ड मंक’बद्दल लिहिताना लोकांच्या मायेला हात लागतो, हे मला ठाऊक आहे. मोहन मीकिनने ती १९५४ मध्ये बाजारात आणली आणि जाहिरातीवाचून ती दोन-तीन पिढ्यांची झाली. लेबलावर ‘व्हॅटेड’ असा शब्द आहे. व्हॅट म्हणजे मोठे लाकडी पिंप. लहान पिपात रमच्या दर लिटरला जेवढे लाकूड लागते, तेवढे व्हॅटमध्ये लागत नाही, त्यामुळे लाकडाचा संस्कार हळू होतो आणि चव वेगळी घडते. व्हॅनिलाची आणि जळक्या साखरेची ती गोड चव आवडणे यात काही चुकीचे नाही. पण ‘ओल्ड मंक’ला रमची एकमेव मोजपट्टी मानले की जमैकाची रम बिघडलेली आणि मार्टिनिकची कच्ची वाटू लागते. आवड आणि मोजपट्टी वेगळ्या ठेवाव्यात.

गोडव्याचेही तसेच. युरोपीय नियमात रममध्ये लिटरला २० ग्रॅमपर्यंत साखर चालते, म्हणजे एका बाटलीत १५ ग्रॅम, चहाचे तीन-चार चमचे. साखरेने कोवळ्या स्पिरिटाची धार झाकली जाते आणि ‘स्मूथ’ हा शब्द छापता येतो. दोन थेंब स्वच्छ तळहातावर चोळून वाळू द्यावेत. चिकटपणा उरला तर साखर भरपूर आहे. तळहाताला फक्त लाकडाचा, फळाचा वास राहिला तर स्पिरिट स्वतःच्या बळावर उभे आहे. ही प्रयोगशाळेची चाचणी नव्हे, पण दुकानातल्या जाहिरातीपेक्षा विश्वासार्ह आहे.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. बहुतेक जण रम कोलात घालून पितात, मग मळी की रस, पॉट की स्तंभ, काय कळणार? कोलात खरेच कळत नाही. ज्याला कोलातच प्यायची आहे त्याने महागडी बाटली घेऊ नये, साध्या मळीच्या रमने काम भागते. पण महाग बाटली घेऊन ती कोलात बुडवणारा गिऱ्हाईक रंग, कागद आणि नाव यांचे पैसे देतो, आणि कंपन्यांना तसाच माल पुरवायला शिकवतो. आधी चमचाभर पाणी घालून वास घ्यावा. वासात काहीच सापडले नाही तर त्या बाटलीवर पुन्हा जादा पैसे घालू नयेत.

दुसरा आक्षेप व्हिस्की पिणाऱ्यांचा: आम्ही रमच्या वाटेला जातच नाही. आपल्याकडच्या परवडणाऱ्या व्हिस्कीचा बहुतेक भाग याच मळीच्या स्पिरिटाचा असतो. युरोपात व्हिस्की धान्याचीच असावी लागते, म्हणून असे मद्य तिथे व्हिस्की या नावाने विकता येत नाही. ‘मी रम पीत नाही’ म्हणणारा माणूस बऱ्याचदा उसाचेच मद्य पितो, फक्त त्याला तसे सांगितलेले नसते. रम निदान ऊस लपवत नाही. २०२५ मध्ये राज्याने ‘महाराष्ट्र मेड लिकर’ असा नवा वर्ग काढला तो धान्याधारित. उसाच्या राज्यात उसाच्या मद्याला दर्जाची चौकट देण्याची संधी त्या वेळी होती, ती घेतली नाही, ही मला धोरणाची चूक वाटते.

मग जिल्ह्यातल्या कारखान्यांनी रम का केली नाही? त्यांना दोष देणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. ऊस नियंत्रण आदेशानुसार शेतकऱ्याला एफआरपी, म्हणजे उसाचा ठरलेला रास्त दर, चौदा दिवसांत द्यावी लागते. ज्याला चौदा दिवसांत पैसे उभे करायचे आहेत, तो स्पिरिट चार वर्षे पिपात ठेवून त्यातले तीस-पस्तीस टक्के उडू देऊ शकत नाही. तेल कंपनी ठरलेल्या दराने घेते, पिपाला असे हमीचे गिऱ्हाईक नाही. इथेनॉलही बेभरवशाचे होऊ शकते, हे डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने रसापासूनच्या इथेनॉलवर निर्बंध आणले तेव्हा दिसले. एखाद्या कारखान्याने मळीचा अगदी लहान हिस्सा मुरवणीला ठेवणे म्हणूनच विचारात घेण्याजोगे आहे.

सर्वांत गंभीर आक्षेप मात्र या लेखाच्या विषयालाच आहे. अवर्षणाच्या, कर्जाच्या जिल्ह्यात, जिथे दारूने घरे मोडली आणि बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली, तिथे रमची निवड कसली शिकवता? त्या बायकांचा हक्क मला पूर्ण मान्य आहे आणि या लेखातले काहीही त्याच्या आड येत नाही. मद्याचे सुरक्षित असे प्रमाणच नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले आहे. तीस मिलीलीटर रममध्ये दहा ग्रॅम मद्यार्क असतो, क्वार्टरमध्ये साठ. थंडीत रम अंग गरम ठेवते हा समज खोटा आहे. त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, ऊब जाणवते आणि शरीराची उष्णता बाहेर जाते. जो पीत नाही त्याने हा लेख वाचून सुरू करू नये. पण जो पितोच, त्याला आपण काय पितो हे कळणे हे कमी पिण्याच्या बाजूचे ज्ञान आहे. चवीसाठी पिणारा एका पेगवर थांबू शकतो. साडेचार रुपयांच्या स्पिरिटात थांबण्यासारखे काही नसते, ते नशेसाठीच घेतले जाते. पाण्याचा मुद्दाही इथेच येतो. मराठवाड्यात ऊस नकोच, असा अहवाल विभागीय आयुक्त सुनील केंद्रेकर यांनी २०१९ मध्ये दिला होता. त्या वादात मी अहवालाच्या बाजूचा आहे. ऊस कमी व्हावा, आणि जो राहील त्याच्या प्रत्येक टनातून अधिक मोल निघावे. इतके पाणी पिऊन आलेल्या उसाचा शेवट लिटरमागे ५८ रुपयांत होणे हा तोट्याचा व्यवहार आहे.

दुकानात उभे राहिल्यावर आधी सुरक्षितता पाहावी. मुंबईत मालवणीला २०१५ मध्ये विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली, ती मिथेनॉलने, आणि मिथेनॉल नाकाला किंवा जिभेला भरवशाने ओळखता येत नाही. म्हणून परवानाधारक दुकान, शाबूत सील, महाराष्ट्रात विक्रीसाठी असा शिक्का आणि पक्की पावती हवी. फक्त गोव्यात विक्रीसाठी असलेली बाटली स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नये, तिच्यात मूळ माल आहे याची हमी कोणी देत नाही. कडक मद्यासाठी राज्यात वयाची अट पंचवीस वर्षांची आहे आणि परमिट लागते. त्यानंतर लेबल फिरवून पाहावे. रस की मळी, पॉट की स्तंभ, किती वर्षे आणि कोणत्या लाकडात, रंग-साखर मिसळली का, यांतल्या दोन प्रश्नांची उत्तरे जरी छापलेली असली तरी त्या कंपनीला पहिली संधी द्यावी. एकही उत्तर नसेल तर त्या मांडणीतली सर्वांत स्वस्त सीलबंद बाटली घेणे शहाणपणाचे, कारण आत तो १९ रुपयांचाच माल असण्याची शक्यता जास्त. आणि दुकानदाराला विचारावे, ही कुठल्या मळीची आहे? आज त्याला ते सांगता येणार नाही. पण हा प्रश्न पुन्हा पुन्हा त्याच्या कानी पडला, तर तो वितरकाकडे जाईल आणि वितरकाकडून कंपनीकडे.