समजूतदारपणाचं ओझं

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा ३ जानेवारीचा बालिका दिन नुकताच होऊन गेलेला असेल. कपाळावर आडवी चिरी रेखून सावित्रीबाई झालेल्या मुली, पाठ केलेली भाषणं, फळ्यावरचं रंगीत खडूंचं चित्र, केंद्रप्रमुखांच्या ग्रुपवर टाकलेले फोटो. हे सगळं व्हावंच. पण फुले दांपत्याच्या शाळेतली एक घटना या भाषणांत क्वचितच येते. १८५५ साली त्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या जेमतेम चौदा वर्षांच्या विद्यार्थिनीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. निबंध सौम्य नव्हता. धर्माच्या नावाने चाललेल्या अन्यायाचा त्यात जाब विचारलेला होता. चौदा वर्षांच्या मुलीला राग येतो, तो रास्त असू शकतो आणि तो मांडायला शाळेत जागा हवी, हे तिच्या शिक्षकांना कळलेलं होतं.

आपण आज आठवी-नववीतल्या मुलीकडे काय मागतो? समजूतदारपणा. धाकट्या भावाला सांभाळून, पाणी भरून, चार भाकऱ्या थापून ती शाळेत येते आणि इथेही वर्ग झाडायला, पाहुण्यांना चहा द्यायला, मागे पडलेल्या मुलाला गणित समजावायला आपल्याला तीच आठवते. मग कधी तरी वरून पत्र येतं आणि शाळेत सद्भावना सप्ताह साजरा होतो. ‘आज मी कोणाला मदत केली’ असे तक्ते भिंतीवर लागतात. ते रंगवणाऱ्याही बहुतेक मुलीच असतात. मुलींनी इतरांशी मायेनं वागावं हे त्यांना निराळं शिकवावं लागत नाही, ते त्यांच्याकडून लहानपणापासून वसूलच केलं जातं. उलट दिशेचा हिशेब मात्र आपण कधी मांडत नाही. तो इथे थोडा मांडायचा आहे.

जुलै २०२५ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या शहापूरमधल्या एका शाळेत स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले. पाचवी ते दहावीच्या मुलींना सभागृहात बोलावून चौकशी झाली आणि काही मुलींची कपडे उतरवून तपासणी केली गेली. पुढे गुन्हा दाखल झाला, मुख्याध्यापिकेला आणि एका महिला कर्मचाऱ्याला अटक झाली. ही बातमी वाचून आपण सगळेच संतापलो. पण तपासणीच्या आधीचा क्षण पाहा. डाग दिसल्यावर ‘कोणाला त्रास होतोय का, कोणाकडे पॅड नाहीये का’ हा प्रश्न पहिला सुचायला हवा होता. सुचला तो ‘हे कोणी केलं?’ हा. इतकं अमानुष वागणार नाही अशा असंख्य शाळांमध्येही पहिला प्रश्न हाच सुचतो, हे आपल्यापुरतं कबूल करायला हरकत नाही.

मुलींना पाळी साधारण बारा-तेराव्या वर्षी, म्हणजे सातवी-आठवीत सुरू होते, काहींना पाचवी-सहावीतही. आपल्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ऋतुचक्राचा धडा येतो तोवर वर्गातल्या मुलींनी दोन-तीन वर्षं हा विषय कुजबुजीतून शिकलेला असतो. तो धडाही ‘घरी वाचून घ्या’ म्हणून उरकणारे सर आणि मॅडम आपल्याला माहीत आहेत. तेव्हा सहावीतच, मुलामुलींना एकत्र बसवून, एका तासिकेत हे साध्या शब्दांत सांगून टाकावं. मुलांनाही सांगायचं ते अशासाठी, की मुलीच्या स्कर्टवरचा डाग पाहून हसू फुटतं ते अज्ञानातून, आणि ते हसू ऐकलेली मुलगी पुढच्या महिन्यात चार दिवस घरी राहते.

यापुढचा भाग कडी-कोयंड्याचा आहे. मुलींच्या स्वच्छतागृहाची किल्ली कुठे असते? आत पाणी, बादली, झाकणाची कचराकुंडी आहे का? ‘तास चालू असताना जायचं नाही’ हा नियम पाळीच्या दिवसांतही लागू असतो का? अनेक मुली शाळेतल्या स्वच्छतागृहात जावं लागू नये म्हणून सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि पुढे लघवीच्या जळजळीने आजारी पडतात. राज्यात २०१८ साली अस्मिता योजना आली, जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना आठ पॅडचं पाकीट पाच रुपयांत मिळावं म्हणून. योजना येतात, पुरवठा थांबतो, हे आपल्या अंगवळणी पडलं आहे. पण पॅडचं पाकीट शाळेत असूनही ते कार्यालयातल्या कपाटात, सरांच्या समोरच्या खणात असेल, तर तेरा वर्षांची मुलगी ते मागायला येणार नाही. ते स्वच्छतागृहाच्या आतच, न मागता घेता येईल असं ठेवावं. दोन-चार जास्तीची गेली तर जाऊ देत.

सोमवारच्या निळ्या गोळीचंही तसंच. लोह आणि फॉलिक ॲसिडची ही साप्ताहिक गोळी आपण वाटतो, नोंदवहीत सह्या घेतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते १९ वयोगटातल्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. महाराष्ट्राचा आकडाही ५७ टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे शेवटच्या तासाला बाकावर डोकं टेकवणारी मुलगी आळशी नसून तिचं हिमोग्लोबिन कमी असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त आहे. गोळी उपाशीपोटी घेतली तर मळमळतं, ती जेवणानंतर द्यावी. शौचाचा रंग काळपट होतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, हे आधी सांगावं. दोन मिनिटांचं काम. न सांगितल्यास गोळी खिडकीबाहेर जाते आणि वहीत सही राहते.

आता मुलींनी मुलींना दिलेल्या दुःखाविषयी. मुलगे भांडतात ते दिसतं. मुलींमधला बहिष्कार आपल्या नजरेतून निसटतो. डबा खाताना जागा न देणं, व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढणं, एखादी आल्यावर बोलणं थांबवणं. ‘मुलींचं काय, आज कट्टी उद्या बट्टी’ असं म्हणून आपण ते सोडून देतो. लंडनच्या संशोधकांनी २०१० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकावर चेंडू एकमेकांना टाकण्याचा खेळ. मध्येच बाकीचे खेळाडू एकीला चेंडू देणं बंद करतात. इतक्या क्षुल्लक वगळण्याने किशोरवयीन मुलींची मनःस्थिती प्रौढ स्त्रियांपेक्षा जास्त ढासळली. त्यांचं दुखणं खरं असतं. आणि आपण दर आठवड्याला वर्गात ‘आपापले गट करा’ असं सांगून हाच खेळ मांडतो. शेवटी उरलेली एक मुलगी कुठल्या तरी गटाला चिकटवतो, तो गट नाक मुरडतो. चिठ्ठ्या टाकून गट पाडले, तर कोणालाच उरावं लागत नाही.

छोट्या कृतींनी फरक पडतो याला आधारही आहे. कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये १९ वर्गांतल्या ९ ते ११ वर्षांच्या मुलांपैकी काहींना चार आठवडे, दर आठवड्याला तीन वेळा कोणासाठी तरी काही चांगलं करायला सांगितलं; इतरांना नुसती आवडीची ठिकाणं पाहायला सांगितली. चांगली कृती करणाऱ्यांना वर्गमित्रांकडून मिळणारी पसंती जास्त वाढली. हा प्रयोग जरूर करून पाहा, पण मुलग्यांनाही त्यात ओढा, आणि स्वतःलाही.

मन मोकळं करायला मुलगी तुमच्याकडे आली, तर शिक्षक-खोलीत सगळ्यांसमोर विचारपूस करू नका. ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचनही देऊ नका. लैंगिक छळाची माहिती कळली की ती पोलिसांना देणं पॉक्सो कायद्याने आपल्यावर बंधनकारक आहे. विद्यार्थ्यांच्या सुरक्षेसाठीच्या सखी-सावित्री समितीचा फलक शाळेत लागला असेलच. त्या समितीत कोण आहे हे मुलींना ठाऊक आहे का ते विचारा. लांबलेली गैरहजेरी ही हजेरीपटावरची शाई समजू नका, कारण वर आलेल्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातच राज्यातल्या २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झाल्याचं आढळलं आहे. लग्नाची कुणकुण लागली तर मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा १०९८. मनाने खचलेल्या मुलीसाठी टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६.

मतदारयाद्या, ऑनलाइन माहिती, पोषण आहाराचे हिशेब यांतून वेळ कुठला, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. त्याविषयी या पानावरून आम्ही भांडत आलो आहोत आणि भांडत राहू. पण वर मागितलेल्या बहुतेक गोष्टींना वेळेपेक्षा निर्णय लागतो. म्हणून विनंती एकच: या महिन्याच्या शिक्षक सभेत विषय क्रमांक एक म्हणून मुलींचं स्वच्छतागृह घ्या. सभेआधी मुख्याध्यापकांनी आणि एका शिक्षिकेने ते आतून पाहावं, आठवी-नववीच्या मुलींना काय हवं ते विचारावं, आणि ठराव होईल त्यावर तारीख टाकून तो मुलींना वाचून दाखवावा.