गोथमचा अ. पा. क.

आमच्या बँकेत खातं उघडायच्या फॉर्मावर एक रकाना असतो. खातेदार अज्ञान असेल तर पालकाचं नाव आणि नातं. नात्यासाठी वडील, आई, किंवा कोर्टानं नेमलेला पालक, एवढीच सोय. 'वडिलांसारखा' असा चौथा चौकोन तिथं नाही. वीस वर्षं मी हे फॉर्म तपासतो आहे आणि हा चौथा चौकोन न छापणाऱ्याबद्दल मला आदर वाटत आला आहे. जगातल्या बऱ्याच लबाडीला त्यामुळं निदान आमच्या शाखेत तरी मज्जाव झाला.

एवढ्या गंभीर प्रस्तावनेनंतर मी बॅटमॅनवर येणार, हे कळल्यावर काही वाचक पान उलटतील. उलटू देत. चाळिशी ओलांडलेल्या, बी. कॉम. झालेल्या, गृहकर्जाचे हप्ते फेडणाऱ्या माणसानं रात्री कॉमिकं वाचावीत का, हा प्रश्न आमच्या घरात रोज विचारला जातो. इथं पुन्हा नको. इथला वाद निराळा आहे. माझा भाचा आणि आमचे कॅशियर यांचं एरवी कशावरही एकमत होत नाही, पण बॅटमॅन हा रॉबिनचा बापच आहे, यावर दोघेही ठाम आहेत. "मामा, त्यानं वाढवलं ना त्याला? मग झालं तर!" असं भाचा म्हणतो. "अहो, जेवू घातलं, शाळेत घातलं. आणखी काय करतो हो बाप?" असं कॅशियर म्हणतात. माझं म्हणणं, तो फार तर अ. पा. क. आहे. सातबाऱ्यावर अज्ञान वारसाच्या नावाजवळ ही अक्षरं असतात : अज्ञान पालन कर्ता. तो सांभाळल्याचा दाखला आहे, बापपणाचा नव्हे.

एक खुलासा आधीच करतो. रक्ताचा नाही म्हणून बाप नाही, असं मी म्हणत नाही. तसं म्हटलं तर यशोदेला काय सांगायचं? दत्तक घेतलेल्या पोराच्या तापात रात्रभर जागणारा माणूस सोळा आणे बापच. माझा आक्षेप रक्ताला नाही, कामकाजाला आहे.

ज्यांना एकच रॉबिन ठाऊक आहे त्यांना सांगायला हवं, की रॉबिन हे नाव नव्हे, ती पोस्ट आहे. पहिली नेमणूक 1940 सालची : डिक ग्रेसन, सर्कशीतल्या झुलेवाल्यांचा पोरगा. खंडणीबहाद्दरांनी झुल्याच्या दोऱ्या कमजोर करून त्याच्या आईबापांना मारलं. ब्रूस वेन, म्हणजेच बॅटमॅन, यानं पोराला घरी आणलं, मेणबत्तीच्या उजेडात शपथ दिली आणि कामाला लावलं. हा डिक 1969 साली कॉलेजात गेला. मधली एकोणतीस वर्षं काय करत होता, असं विचारू नका. कॉमिकमधलं बालपण मुदत ठेवीसारखं असतं. मुदत संपली की आपोआप नूतनीकरण. त्याच्या जागी 1983 साली जेसन टॉड, 1989 साली टिम ड्रेक. 2004 साली स्टेफनी ब्राऊन या मुलीला हंगामी घेतलं आणि सांगितलेलं ऐकलं नाही म्हणून काढून टाकलं. आता मला सांगा, बापाला पोरीवर रागावता येतं, तिच्याशी आठ दिवस अबोला धरता येतो, पण तिला कमी करता येतं का?

गणवेशाचं घ्या. बॅटमॅन स्वतः अंधारात मिसळून जाईल असा पोशाख घालून छपरावर उभा. शेजारी पोरगं. त्याला लाल बंडी, पिवळा झगा, आणि अर्धी हिरवी चड्डी! समोरून गोळ्या झाडणाऱ्या माणसाला दोघांपैकी कोण दिसेल? आमच्याकडं पोर साधं वर्गाच्या सहलीला निघालं तरी बाप कानटोपी, स्वेटर आणि ओव्याची पुडी घेऊन फाटकापर्यंत धावतो.

"पण लढायला शिकवलं ना!" शिकवलं. शिकवतो तो गुरू. विश्वामित्र ऋषी दशरथाच्या दरबारात आले आणि राक्षसांच्या बंदोबस्तासाठी राम मागितला, ती गोष्ट आठवा. दशरथाची गाळण उडाली. म्हणाला, पोर अजून सोळाचंही नाही. सगळं सैन्य घेऊन मी स्वतः येतो, पण त्याला नेऊ नका. पुढं वसिष्ठांनी समजावल्यावर त्यानं पाठवला, ते वेगळं. विश्वामित्रांनी रामाला अस्त्रं दिली, त्राटिका मारवली, एवढंच काय, लग्नही जमवून दिलं. तरी आजवर कुणी त्यांना रामाचा बाप म्हटलेलं नाही. पोराला घेऊन जातो तो गुरू आणि 'त्याच्याऐवजी मी येतो' म्हणतो तो बाप. बॅटमॅन हा विश्वामित्र आहे. मोठा माणूस आहे, पण दरबाराच्या त्या बाजूचा आहे.

त्या वाड्यात दशरथाच्या जवळपास येणारा एकच. 1943 पासून तिथं असलेला बटलर, आल्फ्रेड. पुढच्या कथांत तर ब्रूसलाही त्यानंच वाढवलेलं. रात्री सगळे उड्या मारायला गेले की हा जागा. कोण कुठं फुटून येतंय, किती टाके पडतील, जेवण पुन्हा गरम करावं का, हा हिशेब त्याच्याकडं. आणि पगारपत्रकावर हुद्दा नोकर!

आता जेसनचं. हे लिहिताना विनोद सुचत नाही. 1988 साली जोकरनं त्याला लोखंडी पहारीनं मारलं आणि खाली बॉम्ब ठेवला. पोरगं जगवायचं की मारायचं, यावर प्रकाशकांनी वाचकांचं टेलिफोनवरून मतदान घेतलं. मारा : 5,343. जगवा : 5,271. बहात्तर मतांनी पोर गेलं. याचा दोष मी बॅटमॅनला देत नाही. पण पुढं त्यानं काय केलं? पोराचा गणवेश काचेच्या कपाटात ठेवला. तोही तळघरात, कामाच्या जागी. खाली लिहिलेल्या ओळीत तो चांगला शिपाई होता असं म्हटलं आहे. मुलगा होता असं नाही. आणि सालभरात नवा उमेदवार दारात हजर.

2005 साली जेसन परत आला (कॉमिकमध्ये मृत्यू हीसुद्धा बिनपगारी रजाच). त्याची तक्रार एवढीच होती, की मला मारणारा अजून जिवंत कसा? ही तक्रार शिपाई साहेबाकडं करत नाही. ती मुलगा बापाकडं करतो. म्हणजे पोरांनी त्याला बाप मानलं होतं, यात वादच नाही. पोरं मानतातच. पोरकं पोर तर पहिल्या घासाला मानतं. म्हणूनच जपून राहायची जबाबदारी मोठ्याची.

विरोधकांचा हुकमाचा पत्ता म्हणजे डेमियन. 2006 साली उगवलेला हा ब्रूसचा सख्खा मुलगा. "पोटच्या पोरालाही तेच काम दिलं, म्हणजे सगळे सारखेच!" अहो, त्यानं एवढंच सिद्ध होतं, की त्या घरात सख्ख्या पोरालासुद्धा आधी पोस्ट मिळते आणि बाप जमलाच तर नंतर.

हा सगळा खटाटोप एका काल्पनिक माणसासाठी कशाला, असं सौ. विचारते. कारण 'मुलासारखा' हा शब्द काल्पनिक नाही. नोकरीत मी हा शब्द तीन साहेबांच्या तोंडून ऐकला. तिन्ही वेळा शनिवार होता, आणि तिन्ही वेळा पुढचं वाक्य 'जरा थांबशील का?' असंच होतं. 'मुलासारखा' म्हटलं की ओव्हरटाइम मागता येत नाही, रजेचा अर्ज टाकताना हात थरथरतो, 'नाही' म्हटलं तर कृतघ्न ठरतो. आम्ही निदान चाळिशीतली घोडी. पण लोकांच्या घरात नऊ-दहा वर्षांची पोर भांडी घासते आणि मालकीणबाई म्हणतात, "आमच्या मुलीसारखीच आहे हो ती." त्यांची मुलगी त्या वेळी शिकवणीला गेलेली असते. रॉबिनला पगार नव्हता, हे विसरू नका. 'सारखा' या प्रत्ययावर जगातलं केवढं फुकट काम उरकलं जातं!

बॅटमॅनच्या बाजूनं एक नोंद मात्र मी करीन. 2001 साली त्यानं डिकला रीतसर दत्तक घेतलं. तोवर डिक नाइटविंग या नावानं, दुसऱ्या शहरात, स्वतःच्या पायावर उभा होता. त्याच्याकडून कसलंही काम करून घ्यायचं उरलं नव्हतं. नेमका तेव्हा हा माणूस त्याच्याकडं मुलगा म्हणून आला. टिमचे वडील मारले गेले, त्यालाही पुढं त्यानं दत्तक घेतलं. हे मला मान्य आहे. भाच्यालाही मी तसं सांगितलं.

"मग झाला ना बाप!" भाचा म्हणाला.

झाला की. डिकचा झाला, 2001 पासून. 1940 पासून धरा म्हणाल, तर माफ करा. मागच्या तारखेची नोंद आमच्याकडं होत नाही.