शिकवणारा संगीतकार दुय्यम का मानायचा?
शास्त्र शिकवणाऱ्याच्या हातून जिवंत कलाकृती घडत नाही, ही समजूत संगीताच्या जगात फार घट्ट रुजली आहे. रचनाकाराच्या चरित्रात प्राध्यापकीचा उल्लेख आला की तो पोटापाण्याचा भाग समजून वाचक पान उलटतो. पोलंडच्या क्षिश्तोफ मेयर यांच्या बाबतीत मात्र तेच पान वाचायला हवे. १९४३ साली क्राकोव्हमध्ये जन्मलेले मेयर संगीतकार पेंदेरेत्स्कींकडे आणि पॅरिसला नादिया बुलांजे यांच्याकडे शिकले. १९६६ ते १९८७ या काळात त्यांनी क्राकोव्हच्या संगीत महाविद्यालयात संगीतशास्त्र शिकवले, आणि याच वर्षांत स्तानिस्लाव्ह लेम यांच्या यंत्रमानवांच्या कथांवर ‘सायबेरियाडा’ हा ऑपेराही लिहिला. त्याला १९७० मध्ये मोनॅकोचे पारितोषिक मिळाले. शिकवण्याने प्रतिभा आटते म्हणावे, तर ती इथे नेमकी कुठे आटली?

माझे म्हणणे याच्याही पुढचे आहे: मेयर यांची प्रतिभा विश्लेषणावरच पोसली गेली. याचा दाखला एका अपुऱ्या ऑपेरात सापडतो. रशियन संगीतकार शोस्ताकोविच यांनी गोगोलचे ‘जुगारी’ हे नाटक ऑपेरासाठी घेतले आणि त्यातला शब्दन्‌शब्द संगीतात बसवायचे ठरवले. लांबी हाताबाहेर जाते आहे हे लक्षात आल्यावर १९४२ मध्ये त्यांनी काम सोडून दिले. तो ऑपेरा मेयर यांनी पूर्ण केला आणि १९८३ मध्ये जर्मनीतल्या वुपरटालला त्याचा पहिला प्रयोग झाला. या कामातली अडचण नीट पाहण्याजोगी आहे. संहिता गद्य, त्यामुळे वृत्ताचा वा यमकाचा आधार नाही. आणि पत्त्यांत इतरांना फसवायला निघालेला इखारेव्ह स्वतःच लुबाडला जातो, ही कलाटणी नेमकी न लिहिलेल्या भागात येते. म्हणजे नुसती शैली उचलून भागणारे नव्हते. शोस्ताकोविच एखादा प्रसंग कसा चढवतात, वाद्यवृंद कुठे आवरतात, हे आतून कळलेले असायला हवे होते. शोस्ताकोविच यांच्यावर १९७३ मध्येच पुस्तक लिहिलेल्या मेयर यांना ते कळलेले होते.

ही फार तर उत्तम नक्कल झाली, असे कोणी म्हणेल. मेयर यांनी १९७६ मध्ये मोत्झार्टच्या शैलीत एक सिम्फनीही लिहिली, हा दाखला त्याच बाजूने देता येईल. पण जो हे उघडपणे, कोणाची शैली ते सांगून करतो, त्याला आपला आवाज कुठला आणि उसना कुठला हे पक्के माहीत असते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. विसाव्या शतकातले थोर पोलिश संगीतकार ल्युतोस्लाव्स्की यांनी प्राध्यापकी कधीच पत्करली नाही. खरे आहे, आणि म्हणून शिकवल्याशिवाय मोठे होता येत नाही असा दावा मी करत नाही. उरतो तो मेयर यांच्या तंतुवाद्य-चौकडी आणि सिम्फनीच्या जुन्या आकृतिबंधांवर घेतला जाणारा संशय, की ही वर्गातली सावधगिरी असावी. पण परंपरेकडे वळले ते एकटे मेयर नव्हेत. १९६०च्या ‘थ्रेनोडी’ या रचनेने खळबळ उडवणारे पेंदेरेत्स्कीही सत्तरच्या दशकात तिकडेच वळले, आणि त्यांच्या त्या वळणाला धाडस म्हणणारे पुष्कळ आहेत. एकाच वळणाला गुरूच्या बाबतीत धाडस आणि शिष्याच्या बाबतीत मास्तरकी म्हणायचे असेल, तर तो निवाडा स्वररचना ऐकून दिलेला नाही, हुद्दा पाहून दिलेला आहे.