आईच्या हातचं काम काढून घेऊ नका

उन्हाळा लागला की खानदेशात बिबड्या-कुरडयांची घाई सुरू होते. जिनं आयुष्यभर ज्वारीचा घाटा स्वतः हाटला, तिला आता घरचे मायेनं म्हणतात, "माय, तू बस, आम्ही करतो." तिकडे शेताकडे निघालेल्या नानांना मुलगा अडवतो. यात वाईट हेतू कुणाचाच नसतो. पण असं एकेक काम सुटत गेलं की जेवण, गोळ्या आणि टीव्ही एवढंच हाती उरतं. मग आपणच म्हणतो, हल्ली फार चिडचिड करतात.

व्यवसायोपचार ही उपचारपद्धती नेमकं इथंच लक्ष घालते. कमला निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात तिचं शिक्षण सुरू केलं. तरी आपल्याकडे ती फार थोड्यांना ठाऊक आहे. लॉस एंजेलिसमध्ये साठीपुढच्या ३६१ जणांचा एक अभ्यास झाला, तो १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाबरोबर व्यवसायोपचार तज्ज्ञ नऊ महिने बसले आणि रोजच्या जगण्यातलं प्रत्येकाला महत्त्वाचं वाटणारं काम कसं जमवायचं ते ठरवत गेले. दुसऱ्या गटाला नुसते करमणुकीचे कार्यक्रम दिले, तिसऱ्याला काहीच नाही. फायदा पहिल्या गटाला झाला. करमणूकवाले आणि काहीच न मिळालेले यांच्यात फरक दिसला नाही. म्हणजे वेळ कसाबसा घालवून भागत नाही. काम त्या माणसाला आपलं वाटावं लागतं.

म्हणून आधी विचारा: काय करायचं सुटलं, आणि कशानं सुटलं? गुडघ्यानं, नजरेनं, पडण्याच्या भीतीनं, की आपण नको म्हटलं म्हणून? कारण कळलं की वाट निघते. खाली बसवत नसेल तर बिबड्या टेबलावर थापता येतात, भक्कम खुर्चीत बसून. घाटा हाटायला जोर लागतो, तो तरुणांनी लावावा. ज्वारी भिजली का, मीठ किती, हे तिला ठरवू द्या. धान्य निवडायला खिडकीजवळची जागा द्या. चमचा, विळा हातात ठरत नसेल तर मुठीला कापड गुंडाळून ती जाड करा. नानांना सकाळी लवकर शेतात न्या आणि ऊन तापायच्या आत घरी आणा. मे महिन्यातल्या जळगाव-धुळ्याच्या उन्हाशी खेळ नको. न्हाणीघरात भिंतीला पक्का दांडा बसवा, रात्री वाटेवर दिवा ठेवा.

एखादी माय म्हणेल, "पुरे झाला चुलीचा धूर." तिचं तेही ऐका. तिला भजनी मंडळात जायचं असेल, मुक्ताईनगरला जायचं असेल. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे. सोबत मात्र कुणीतरी जा.

आवडीच्या कामातलं मन अचानक उडालं, झोप-भूक बिघडली, तर वयाच्या माथी मारू नका, डॉक्टरांना दाखवा. तोंड वाकडं झालं, हातातलं बळ एकाएकी गेलं, बोलणं अडखळलं, तर त्याच क्षणी दवाखाना गाठा. लकवा, पडणं किंवा हाड मोडल्यानंतर सिव्हिलमध्ये विचारा, व्यवसायोपचार तज्ज्ञ कुठे भेटतील. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मोफत हेल्पलाइन आहे, तिथेही माहिती मागा. जाताना स्वयंपाकघराचे, न्हाणीघराचे, पायऱ्यांचे फोटो मोबाइलवर घेऊन जा. आणि तज्ज्ञ विचारतील, "तुम्हाला काय करावंसं वाटतं?" तेव्हा उत्तर तिला देऊ द्या, वेळ लागला तरी.