बंदूक गेली, नाक राहिलं

मावळातल्या तुंगार्लीत आमच्या एका स्नेह्यांकडे पॉइंटर जातीच्या कुत्र्याचं पिल्लू येणार म्हणून गादी, खेळणी, स्वेटर अशी बारशाची खरेदी चालली आहे. पिल्लाचा खानदानी धंदा मात्र कुणी विचारत नाही: तित्तराचा वास आला की जागच्या जागी थिजून शिकाऱ्याला दिशा दाखवायची. १९७२च्या वन्यजीव कायद्यातल्या १९९१च्या दुरुस्तीनं शिकार संपली, पण नाक शाबूत आहे; आणि मावळातल्या माळांवर टिटवी उघड्या जमिनीवरच अंडी घालते. तेव्हा गादीचे पैसे लांब दोरीत आणि शिट्टीत घाला, ‘थांब’ आधी शिकवा. पार्वोची लस वेळेवर, पावसाळ्यात गोचिडांची झडती रोज. रात्री पिल्लू घरातच. अंगणात बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबट्याला आयतं ताट. “आणि आमचा सोफा?” वहिनींनी विचारलं. सोफा जाणारच, वहिनी!